डेक्सा अहवालातला भागाकार

रजोनिवृत्तीनंतर हाडांची तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया आपापसांत बोलू लागल्या की प्रत्येकीला एकच आकडा तोंडपाठ असतो: टी-स्कोर. कुणाचा उणे १.८, कुणाचा उणे २.७. वास्तविक डेक्सा या, एक्स-किरणांनी हाडांतील खनिज मोजणाऱ्या यंत्राच्या अहवालात त्या आकड्याच्या आधी आणखी तीन रकाने असतात. पहिल्यात हाडाचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, दुसऱ्यात त्यातील खनिजाचे वजन ग्रॅममध्ये आणि तिसऱ्यात या दोहोंचा भागाकार दिलेला असतो. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे माझी नजर कोणत्याही आकड्याआधी त्याच्या एककाकडे जाते. माझा स्वतःचा अहवाल हाती आला तेव्हाही मी आधी तेच पाहिले आणि मग या विषयावर बरेच वाचत गेले. माझे मत असे झाले आहे की हा आकडा उपयुक्त आहे, परंतु तो फक्त खनिज मोजतो. ते खनिज कमी का झाले आणि हाड कितपत टिकेल, या दोन प्रश्नांची उत्तरे आपण त्याच्याकडून उगाच मागतो.

आधी या भागाकारातल्या भाज्य संख्येविषयी, म्हणजे खनिजाविषयी. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हायड्रॉक्सीॲपेटाइट या कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा असतो आणि उरलेला मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन व पाणी यांचा. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम आणि सुमारे ८५ टक्के फॉस्फरस सांगाड्यात असतो. निम्म्याहून अधिक मॅग्नेशियमही तिथेच असते. स्फटिकांमुळे हाडाला कठीणपणा येतो आणि कोलॅजनच्या तंतूंमुळे चिवटपणा. एक्स-किरणांना यातले फक्त खनिज नीट दिसते. डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण शरीरातून पाठवतात; मांस-मेद आणि हाड या दोन ऊर्जा वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यामुळे मऊ भागाचा हिशेब वजा करून केवळ खनिजाचे वजन काढता येते. एकाच ऊर्जेच्या किरणांनी हाताच्या हाडातील खनिज मोजण्याची पद्धत अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी १९६३ मध्ये मांडली होती. आज आपण वापरतो त्या डेक्सा यंत्रांचे युग १९८७ च्या सुमारास सुरू झाले. कोलॅजनची अवस्था कशी आहे, याबद्दल यापैकी कोणतेही यंत्र काहीही सांगत नाही.

भाजकाची, म्हणजे क्षेत्रफळाची, गोष्ट अधिक रंजक आहे. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे शाळेत शिकलेले असते. म्हणजे एकक ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर हवे. अहवालात मात्र ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असते, कारण यंत्र हाडाची सपाट छाया पाहते आणि त्याची जाडी त्याला कळत नाही. याचा परिणाम समजण्यासाठी एक सोपे गणित करून पाहावे. समजा, मणक्याऐवजी दोन ठोकळे आहेत, एक ४ सेंटिमीटर बाजूचा आणि दुसरा ३ सेंटिमीटर बाजूचा, आणि दोघांतही प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये ०.२ ग्रॅम खनिज आहे. मोठ्यात १२.८ ग्रॅम खनिज भरेल, त्याला छायेच्या १६ चौरस सेंटिमीटरने भागले की ०.८ येतात, लहानात ५.४ ग्रॅम भरेल, त्याला ९ ने भागले की ०.६. माल दोन्हीकडे तोच, तरी अहवालात लहान ठोकळ्याची घनता पाव हिश्श्याने कमी दिसणार! भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे हे लक्षात घेतले, तर लहान चणीच्या बाईच्या अहवालाकडे थोड्या सबुरीने पाहायला हवे. अर्थात लहान हाड तुलनेने कमी भार पेलते हेही खरे, त्यामुळे ही तूट निव्वळ आभास आहे असे म्हणून ती सोडूनही देता येत नाही.

हा भागाकार तरुण स्त्रियांच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलने (आकड्यांच्या नेहमीच्या पसाऱ्याचे माप) दूर आहे हे काढले की टी-स्कोर मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार उणे १ आणि त्यावरील आकडा सामान्य, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान ऑस्टिओपेनिया म्हणजे घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडे विरळ होण्याचा रोग. मांडीच्या हाडाच्या मानेसाठी, म्हणजे खुब्याजवळच्या अरुंद भागासाठी, जगभर वापरली जाणारी तुलनेची सरासरी अमेरिकेतील विशीतल्या गोऱ्या स्त्रियांची आहे: ०.८५८ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, आणि प्रमाण विचलन ०.१२०. म्हणजे ज्या स्त्रीच्या मांडीच्या हाडाच्या मानेची घनता ०.५५८ भरते ती बरोबर उणे २.५ वर असते. भारतीयांची तारुण्यातील सर्वोच्च घनताच गोऱ्यांपेक्षा कमी असल्याने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्यासाठी वेगळी प्रमाणके तयार केली. ती वापरली की त्याच बाईचा टी-स्कोर कमी उणे येतो आणि रोगाचा शिक्काही कधीकधी टळतो. हाड तेच, खनिज तेच. बदलतो तो फक्त शेजारी उभा केलेला मापदंड. म्हणून अहवालात तुलना कोणत्या लोकसंख्येशी केली आहे हे वाचल्याशिवाय घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये.

आता रजोनिवृत्तीने नेमके काय बदलते याकडे वळते. हाड हा जिवंत अवयव आहे. प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी मोडून नव्याने बांधला जातो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी दोन-तीन आठवड्यांत हाडाचा एक सूक्ष्म खड्डा कोरतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी पुढचे तीन-चार महिने तो भरत बसतात. कोरणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे काम इस्ट्रोजेन करते. इस्ट्रोजेन घटले की ऑस्टिओक्लास्ट अधिक संख्येने तयार होतात, जास्त काळ जगतात, एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी खोदकाम सुरू होते आणि प्रत्येक खड्डा थोडा अपुराच भरला जातो. स्त्रियांमधील या हाडझिजेचा संबंध इस्ट्रोजेनच्या अभावाशी आहे हे फुलर ऑलब्राइट या अमेरिकी वैद्याने १९४० च्या सुमारासच ओळखले होते.

ही झीज संथ गतीने होते असे आपल्याला वाटते, परंतु ती तशी सारख्या वेगाने होत नाही. अमेरिकेत हजारो मध्यमवयीन स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासात असे दिसले की शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीपासून ते दोन वर्षे नंतरपर्यंत घट सर्वांत वेगवान असते आणि मग मंदावते. त्या संक्रमणाच्या दहा वर्षांत एकूण घट कंबरेच्या मणक्यांत सुमारे १०.६ टक्के आणि मांडीच्या हाडाच्या मानेत ९.१ टक्के भरली. म्हणजे पाळी अनियमित झालेली असते, अजून पूर्ण थांबलेलीही नसते, गरम वाफा आणि अपुरी झोप यांनीच बाई त्रासलेली असते, नेमक्या त्या काळात हाडांचे सर्वाधिक नुकसान होत असते आणि त्याचे एकही लक्षण जाणवत नाही.

मणक्याच्या आतले हाड जाळीदार असते. जाळीची एखादी काडी नुसती बारीक झाली तर ती पुन्हा थोडी जाड होऊ शकते, पण खड्डा दोन्ही बाजूंनी कोरत जाऊन काडी मधूनच तुटली, तर नवे हाड बसवायला पृष्ठभागच उरत नाही. अशी तुटलेली काडी वजनात जेमतेम फरक पाडते, परंतु जाळीच्या ताकदीत मोठा. खनिजाचे समान वजन असलेले दोन मणके एक मजबूत आणि एक कमकुवत असू शकतात, त्याचे एक कारण हे. घनतेच्या आकड्यात या रचनेचा पत्ता लागत नाही. डेक्साच्याच प्रतिमेतील पोत तपासून तिचा अंदाज घेण्याची एक पद्धत आता निघाली आहे, पण ती सर्वत्र मिळत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहणारा मुद्दा पुढचा आहे. खनिज दोन अगदी निराळ्या कारणांनी कमी भरू शकते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडच कमी झालेले असते. जे उरले आहे त्यात प्रथिन आणि खनिज यांचे प्रमाण योग्य असते. ऑस्टिओमलेशियामध्ये मात्र प्रथिनाचा साचा जागेवर असतो, पण त्यात खनिज बसलेलेच नसते, आणि प्रौढांमध्ये याचे नेहमीचे कारण ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता हे असते. यंत्राला दोन्हीकडे खनिज कमी दिसते आणि दोन्हींचा टी-स्कोर सारखाच वाईट येतो. पहिल्या रोगाला हाडाची झीज रोखणारे औषध लागते, दुसऱ्याला ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. भरपूर ऊन असूनही या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण सावळ्या त्वचेला अधिक वेळ ऊन लागते, आपण बहुतेक अंग झाकून वावरतो, आणि त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फारसे नसतात, ते मध्यान्हीच्या आसपास असतात. अशा स्थितीत रक्त न तपासता झोलेड्रोनिक ॲसिड या झीज रोखणाऱ्या औषधाची सलाईन लावली, तर हाडातून रक्तात येणारे कॅल्शियम एकदम थांबून रक्तातील पातळी धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. म्हणून डेक्साच्या अहवालाबरोबर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचे कार्य आणि आवश्यक वाटल्यास पॅराथायरॉइड संप्रेरक या तपासण्या झाल्याच पाहिजेत. फॉस्फरस कमी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले असेल, तर डॉक्टर ऑस्टिओमलेशियाची शंका घेतात. या रक्ततपासण्यांचा खर्च बहुधा डेक्साहून फार अधिक नसतो, आणि उपचाराची दिशा त्यांनीच ठरते.

उलट बाजूही आहे. खनिज वाढले म्हणजे हाड बळकट झालेच असे नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये झालेला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला फ्लोराइडचा प्रयोग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. रजोनिवृत्तीनंतर मणके दबलेल्या २०२ स्त्रियांपैकी निम्म्यांना चार वर्षे रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिले गेले. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. कोणत्याही अहवालात असा आकडा आला असता तर पेढेच वाटले गेले असते. पण नव्याने मणका दबण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही, आणि इतर हाडांचे अस्थिभंग फ्लोराइड न घेतलेल्यांतील २४ च्या तुलनेत ७२ झाले. हायड्रॉक्सीॲपेटाइटमधील हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसले की स्फटिक बदलतो, हाड भरीव दिसते आणि ठिसूळ होते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत जिथे विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या स्त्रियांच्या बाबतीत ही केवळ परदेशी प्रयोगाची आठवण राहत नाही. तिथे घनता चांगली आली म्हणून निश्चिंत होण्याआधी पाण्याची चौकशी केलेली बरी.

स्ट्रॉन्शियम रॅनेलेट या ऑस्टिओपोरोसिसवरच्या औषधाची हकीकतही काहीशी अशीच. स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमपेक्षा जड असल्याने तो हाडात शिरला की एक्स-किरण अधिक शोषतो, आणि यंत्राला वाटते खनिज वाढले; त्या वाढीचा मोठा भाग निव्वळ या कारणाने असे. औषधाने अस्थिभंग काही प्रमाणात कमी होत होते, पण हृदयविकाराच्या धोक्यामुळे युरोपात २०१४ मध्ये त्यावर निर्बंध आले. औषधाशिवायही आकडा फसवू शकतो. साठीनंतर मणक्यांना फुटलेले हाडांचे कंगोरे आणि मणक्यापुढून जाणाऱ्या महाधमनीत साचलेले कॅल्शियम हे सारे मणक्याच्या खात्यात जमा होते. दबलेल्या मणक्याचे तर विपरीतच असते: खनिज तेवढेच, क्षेत्रफळ मात्र कमी, म्हणून भागाकार मोठा! उंची तीन-चार सेंटिमीटरने घटलेली आहे आणि कंबरेचा टी-स्कोर उत्तम आहे, असे दिसले तर मणक्यांचा साधा एक्स-रे आधी मागावा.

कॅल्शियमबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी सल्ल्यांचा आधीच सुकाळ आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रजोनिवृत्तीनंतर रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. एरवी प्रौढ स्त्रीला १,०००. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास आणि तिळात १,२०० हून अधिक असते. म्हणजे नाचणीची एक भाकरी, दोन कप दूध किंवा तेवढ्याचे दही-ताक आणि चमचाभर तिळाची चटणी एवढ्यावर निम्म्याहून अधिक मजल होते. पालकातही कॅल्शियम पुष्कळ असते, पण ऑक्झॅलेटमुळे त्यातले जेमतेम पाच टक्के अंगी लागते, तर दुधातले पाव हिश्श्याहून अधिक. गोळ्यांवर १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असे लिहिलेले असते तेव्हा प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते, आणि ती गोळी जेवणासोबत घ्यायची असते, कारण कार्बोनेट विरघळायला पोटातील आम्ल लागते. गोळ्यांकडून अपेक्षाही माफक असाव्यात. अमेरिकेत ३६,२८२ रजोनिवृत्त स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या खुब्याची घनता फक्त सुमारे एक टक्क्याने अधिक राहिली, खुब्याच्या अस्थिभंगातील घट संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही आणि मुतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढले. औषध चालू असताना कॅल्शियम पुरेसे असणे आवश्यकच आहे. ते औषधाची जागा मात्र घेऊ शकत नाही. ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे सॅशे आठ आठवड्यांसाठी सांगितलेले असताना वर्षानुवर्षे घेत राहणाऱ्या स्त्रिया मी पाहते, त्यांच्यासाठी एक गोष्ट: ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिला गेला, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाड मोडणे दोन्ही कमी होण्याऐवजी वाढले.

या सगळ्या चर्चेत रजोनिवृत्ती पन्नाशीच्या आसपास येते असे गृहीत धरलेले असते. भारतात ती सरासरी ४६ व्या वर्षाच्या सुमारास येते, आणि काहींच्या बाबतीत फार आधी लादली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायाही होत्या. बीजांडकोषही काढले असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात नाहीसे होते. ते ठेवले असले तरी शस्त्रक्रियेनंतर ते वेळेआधी थकण्याची शक्यता वाढते. चाळिशीच्या आत इस्ट्रोजेन गेलेल्या स्त्रीला, विशेष मनाई नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक द्यावे असे तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या, सहा महिने पालावर राहणाऱ्या बाईपर्यंत हा सल्ला आणि ती गोळी कोण पोचवणार, हा प्रश्न मला डेक्साच्या सर्व बारकाव्यांपेक्षा मोठा वाटतो.

शहरांत मोफत शिबिरांमध्ये टाचेची अल्ट्रासाऊंड तपासणी करून चिठ्ठीवर टी-स्कोर लिहून देतात. जागतिक आरोग्य संघटनेची उणे २.५ ची रेषा त्या यंत्रासाठी नाही. अशा चिठ्ठीवरून औषध सुरू करू नये. फार तर डेक्सा करून घ्यावी.

औषध कुणाला द्यायचे हे ठरवताना घनता हा अनेकांपैकी एक घटक धरला जातो. अस्थिभंग झालेल्या स्त्रिया मोजल्या तर त्यांतल्या बहुसंख्य ऑस्टिओपोरोसिसच्या रेषेच्या वरच्या बाजूला सापडतात, कारण ऑस्टिओपेनिया असलेल्यांची संख्याच मोठी असते. शेफील्ड विद्यापीठातून २००८ मध्ये आलेली फ्रॅक्स ही गणनपद्धती म्हणूनच वय, वजन, आधी मोडलेले हाड, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड, संधिवात, धूम्रपान, मद्य या सगळ्यांचा विचार करून पुढील दहा वर्षांतील धोका काढते. घनतेचा आकडा नसला तरी ती चालते. साध्या पडण्याने मनगट किंवा मणका मोडलेली साठीतली बाई टी-स्कोर उणे १.९ असला तरी उपचाराला पात्र ठरू शकते.

औषधांनी लाभ निश्चित होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षातून एकदा दिलेल्या झोलेड्रोनिक ॲसिडने तीन वर्षांत मणका मोडण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचे ४१ टक्क्यांनी घटले. आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि चहाही प्यायचा नाही, हा नियम मोडला तर अन्ननलिका होरपळते किंवा गोळी वाया जाते. जबड्याचे हाड मृत होण्याचा आणि मांडीच्या हाडाच्या विचित्र भंगाचा धोका दुर्मीळ, पण खरा असल्याने दातांची मोठी कामे आधी उरकून घेतात आणि काही वर्षांनी औषधाला विश्रांती देण्याचा विचार होतो. डेनोसुमॅब या झीज रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या सहामाही इंजेक्शनला मात्र अशी विश्रांती चालत नाही: ते परस्पर बंद केले की झीज उसळी मारून येते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. हा तपशील इंजेक्शन सुरू होण्याआधी रुग्णाला आणि तिच्या घरच्यांना नीट सांगितला गेला पाहिजे.

उपचारांनंतर तपासणी पुन्हा करायची ती साधारण एक-दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच यंत्रावर, कारण दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत. तुलना टी-स्कोरची न करता ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरची करावी, क्षेत्रफळाचा रकाना दोन्ही वेळी जवळजवळ सारखा आहे ना ते पाहावे, आणि दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल तर त्या केंद्राच्या यंत्राची मोजमापातील चूक किती आहे हे आधी विचारावे. कागदपत्रांच्या फाइलमध्ये मी जुना अहवाल वरच ठेवते, म्हणजे तंत्रज्ञाला मागच्या वेळी कोणते मणके मोजले होते ते टेबलावर झोपण्याआधीच दाखवता येते.